साथीचा काळ आणि छापलेला शब्द
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासाची चर्चा निघाली की ती बहुधा राजद्रोहाच्या खटल्यांभोवती फिरते. संपादकाला कोणत्या लेखाबद्दल शिक्षा झाली, न्यायमूर्ती काय म्हणाले, तुरुंगात कसे हाल झाले, याची आठवण समाजाने जपली आहे आणि ते योग्यच आहे. परंतु वृत्तपत्राचे आणखी एक काम असते आणि त्याची कसोटी संकटाच्या दिवसांतच लागते. घरात माणूस तापाने फणफणला आहे, शेजारच्या खोलीला कुलूप लागले आहे, दाराशी सरकारी माणसे उभी आहेत, अशा वेळी खरे काय आणि खोटे काय हे सामान्य माणसाला कोणी सांगायचे? सरकार सांगत असेल तर लोकांचा त्यावर विश्वास का बसत नाही? आणि वृत्तपत्राने बाजू घ्यायची ती कोणाची? १८९६ साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात आलेल्या प्लेगच्या साथीत हे सारे प्रश्न एकदम उभे राहिले. त्यांची जी उत्तरे त्या वेळी दिली गेली, त्यांतली काही आजही कायद्याच्या पुस्तकात शिल्लक आहेत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे रुग्ण पाहिले आणि हा प्लेग आहे असे निःशंकपणे सांगितले. त्या वेळच्या पंडिती मराठीत याला ग्रंथिक सन्निपात म्हणत. डॉक्टरांनी रोगाला नाव दिले, पण ते उच्चारायला अधिकारी बिचकत होते. 'संशयास्पद ताप' अशी मोघम भाषा काही काळ चालली. याचे कारण वैद्यकीय कमी आणि व्यापारी अधिक होते. मुंबई हे साम्राज्याचे मोठे बंदर. प्लेगचे नाव जाहीर झाले की युरोपातील बंदरे हिंदुस्थानच्या मालाला दरवाजे बंद करणार, ही धास्ती होती आणि ती अनाठायी नव्हती. १८९७ च्या आरंभी व्हेनिसमध्ये युरोपीय राष्ट्रांची आरोग्य परिषद भरली ती याच साथीमुळे. म्हणजे मांडवीच्या गोदामातील हमालाला आपल्याला काय झाले आहे हे कळण्याआधी, ते कळले तर कापसाच्या आणि धान्याच्या निर्यातीचे काय होईल, याचा हिशेब मांडला गेला.

नाव जाहीर झाले तेव्हा मात्र पारडे एकदम दुसऱ्या बाजूला झुकले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी कडक जाहीरनामा काढला. रोग्याला सक्तीने रुग्णालयात हलविणे, घर ताब्यात घेऊन धुणे, सामान नष्ट करणे, असे अधिकार अधिकाऱ्यांना मिळाले. हे का करायचे, रुग्णालयात नेलेल्या माणसाचे पुढे काय होते, नातेवाइकांना त्याला भेटता येईल की नाही, हे लोकांना समजेल अशा भाषेत सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही. चाळीतला माणूस एवढेच पाहत होता की रुग्णालयात गेलेले बहुतेक लोक परत येत नाहीत. त्यांना शेवटच्या अवस्थेत नेले जाई, म्हणून ते मरत. लोकांनी अर्थ लावला की नेले म्हणून मरतात.

मग अफवा उठल्या. रुग्णालयात माणसे मारून त्यांच्या देहातून 'मोमियाई' नावाचे औषध काढतात, ही एक. त्याच महिन्यात मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते. त्या अपमानाची भरपाई म्हणून राणीने मुंबईकरांची काळजे मागितली आहेत, ही दुसरी. सुशिक्षितांनी त्या वेळी या अफवांना हसून अज्ञानाच्या नावे खर्ची टाकले. वास्तविक त्या अफवेत एक प्रकारचा तर्क होता. जे सरकार एरवी गिरणीतल्या मजुराच्या खोलीत कधी डोकावले नाही, जिथे नळ नाही, मोरी नाही, एका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडे राहतात हे ज्याला कधी दिसले नाही, ते सरकार एकाएकी त्याच खोलीतील आजारी माणसाला न्यायला इतके उतावीळ का, या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नव्हते. मग लोकांनी स्वतःच्या अनुभवातून ते तयार केले. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोडच्या साथ-रुग्णालयावर हल्ला केला तो याच पार्श्वभूमीवर.

त्यानंतर जे घडले ते वृत्तपत्रांच्या इतिहासात सहसा सांगितले जात नाही. ऑक्टोबर संपता संपता जाहीरनामा सौम्य करण्यात आला. कमिशनर साहेबांना धास्ती वाटत होती ती झाडूवाले आणि मैला वाहणारे कामगार शहर सोडून जातील याची. ते गेले असते तर मुंबई आठवड्याभरात राहण्याजोगी उरली नसती. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती, ज्यांचे एकही वर्तमानपत्र नव्हते, त्या माणसांचे म्हणणे सरकारपर्यंत पोचले ते त्यांच्या निघून जाण्याच्या भीतीतून. फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले होते. आगगाडीने, गलबताने, पायी, जसे जमेल तसे लोक कोकणात आणि देशावर निघाले आणि त्यांच्या गाठोड्यांबरोबर रोगही निघाला.

कामगारांचे म्हणणे मांडणारे पत्र त्या काळात नव्हतेच असे नाही. सत्यशोधक परंपरेतील 'दीनबंधु' हे पत्र नारायण मेघाजी लोखंडे मुंबईतून चालवीत होते. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देण्यात ज्यांचा वाटा मोठा, ते हे लोखंडे. चाळीत एकाने वाचावे आणि दहा जणांनी ऐकावे, असा त्या पत्राचा वाचकवर्ग होता. साथीच्या काळात सरकारचे म्हणणे कामगाराला आणि कामगाराचे म्हणणे सरकारला समजावून सांगू शकेल असा माणूस मुंबईत कोण, असे विचारले असते तर लोखंड्यांचे नाव प्रथम घ्यावे लागले असते. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते प्लेगनेच वारले. महिनाभराने, १० मार्चला, पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचाही प्लेगने अंत झाला. रोगी माणसाजवळ जाऊन बसणारी माणसे अशी एकेक गेली आणि माणसाला दारातून ओढून नेणारी यंत्रणा तेवढी वाढत राहिली.

लोखंड्यांच्या मृत्यूच्या पाच दिवस आधी, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा कायदा. सरकारला वाटेल ते तात्पुरते नियम करण्याचा अधिकार एका कलमात, न पाळणाऱ्याला शिक्षा दुसऱ्यात आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला न्यायालयीन दाव्यापासून संरक्षण तिसऱ्यात. लोकांना उद्देशून त्यात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे जाहीर नोटीस. नोटीस भिंतीवर लागली की सरकारचे बोलणे संपले. तिला उत्तर देण्याची जागा कायद्यात कोठेच नाही.

या कायद्याचा पुरता अनुभव पुण्याने घेतला. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली आणि मार्चच्या मध्यापासून गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घराघरांत शिरू लागल्या. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत हे झडतीसत्र चालले. बूट घालून देवघरात व स्वयंपाकघरात शिरणे, भर रस्त्यात स्त्री-पुरुषांची तपासणी, सामानाची नासधूस, निरोगी माणसाला संशयावरून छावणीत नेणे, या तक्रारींनी पुण्याची वृत्तपत्रे भरून गेली.

'केसरी'ची त्या महिन्यांतील भूमिका नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण ती पुढच्या दंतकथेपेक्षा अधिक गुंतागुंतीची होती. टिळकांनी प्रारंभी उपाययोजनेला विरोध केला नाही. रोगी वेगळा ठेवला पाहिजे, घरे स्वच्छ झाली पाहिजेत, हे त्यांनी वाचकांना सांगितले आणि तसे सांगणे लोकप्रिय नव्हते. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीका केली. स्वतः ते पुण्यातच राहिले, हिंदूंसाठी वेगळे प्लेग-रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला, विलगीकरण छावणीत अन्नाची सोय केली. म्हणजे वाचकाला नकोसे सत्य ऐकवायचे आणि सरकारलाही नकोसे सत्य ऐकवायचे, अशी दोन्ही कामे ते एकाच वेळी करीत होते. 'केसरी'शी ज्याचे सामाजिक प्रश्नांवर हाडवैर होते, त्या 'सुधारक'नेही शिपायांच्या वर्तनावर कोरडे ओढले. अर्थात या सर्व लेखनात पांढरपेशा वाचकाच्या घराचा उंबरठा केंद्रस्थानी होता, हेही नमूद केले पाहिजे. देवघर बाटले याचा संताप ज्या तीव्रतेने उमटला, त्या तीव्रतेने गरिबाची एकुलती वाकळ जाळली गेल्याचा हिशेब कोणी मागितला नाही.

सरकारच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो. रोग भयंकर होता, वेळ थोडा होता, समजावत बसायला सवड नव्हती. हा मुद्दा ऐकायला भारदस्त वाटतो, परंतु सरकारपाशी समजावण्यासारखे ज्ञान होते काय? प्लेगचे जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडले होते, पण ते माणसात कसे शिरतात हे १८९७ च्या मार्चमध्ये पुण्यातल्या एकाही गोऱ्या डॉक्टरला ठाऊक नव्हते. उंदराच्या अंगावरील पिसवेमार्फत रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखविले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तोवर घाण, ओल, दूषित हवा, जमीन, असे सगळ्यांवरच संशय होते. जमीन खणली गेली, छपरे उतरविली गेली, भिंतींना चुना लागला, गटारांत कार्बोलिक ओतले गेले. अंधारात चाचपडणे हा गुन्हा नाही. विज्ञान असेच पुढे जाते. परंतु चाचपडणाऱ्याने 'मला सारे दिसते आहे' अशा आवाजात हुकूम सोडावेत आणि शंका घेणाऱ्याला अडाणी किंवा राजद्रोही ठरवावे, तेव्हा लोकांचा विश्वास उडतो आणि मग खरे सांगितले तरी ते कोणी ऐकत नाही.

शिवाय लोकांना काहीच कळत नव्हते असेही नाही. घरात उंदीर मरून पडू लागले की घर सोडायचे आणि माळावर झोपड्या बांधून राहायचे, हे खेडोपाडी लोकांनी अनुभवाने ठरविले होते. १८९८ मध्ये नेमलेल्या प्लेग कमिशननेही पुढे वस्ती रिकामी करण्याच्या या उपायाचे महत्त्व मान्य केले. झडत्या घेण्यात जो खर्च आणि मनुष्यबळ गेले, त्याचा काही भाग बांबू, तट्ट्या आणि माळावरच्या पाण्याच्या सोयीवर खर्च झाला असता तर किती जीव वाचले असते, याची गणिते आता मांडण्यात अर्थ नाही. पण त्या वेळी लोकांचे म्हणणे विचारण्याची रीत असती, तर ही गोष्ट सरकारच्या कानावर पुष्कळ आधी आली असती.

याच संदर्भात गोपाळ कृष्ण गोखले यांच्यावर आलेला प्रसंग पाहण्यासारखा आहे. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून मित्रांची पत्रे येत होती. त्या पत्रांच्या आधारे त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये शिपायांच्या अत्याचारांना वाचा फोडली आणि दोन स्त्रियांवर बलात्कार झाल्याचे व त्यांपैकी एकीने आत्महत्या केल्याचे म्हटले. पार्लमेंटपर्यंत गदारोळ झाला. सरकारने पुरावा मागितला. गोखले परत आले, शोध घेतला, परंतु नाव सांगून पुढे येणारा एकही साक्षीदार मिळाला नाही. माहिती कळविणाऱ्या मित्रांची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला आणि ऑगस्ट १८९७ च्या आरंभी बिनशर्त माफी मागितली. पुढे कित्येक महिने स्वकीयांनीच त्यांची अवहेलना केली.

या प्रसंगाचा निकाल 'गोखले घाबरले' किंवा 'गोखले खोटे बोलले' असा लावणे फार सोपे आहे. दोन्ही निकाल अपुरे आहेत. सिद्ध न होणारी गोष्ट छापल्यामुळे, सिद्ध होऊ शकणाऱ्या शंभर गोष्टींवर सरकारला बोळा फिरवता आला, हे वृत्तपत्रांनी विसरता कामा नये. पंडिता रमाबाईंनी मे महिन्यातच 'बॉम्बे गार्डियन'ला पत्र लिहून पुण्याच्या प्लेग-रुग्णालयातील स्त्रियांच्या दुरवस्थेची तक्रार केली होती. त्या स्वतः ख्रिस्ती होत्या, सरकारच्या शत्रू नव्हत्या, आणि माहिती जवळून घेतलेली होती. तरी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ती दिशाभूल करणारी म्हणून उडवून लावली. गोखल्यांच्या माफीनंतर अशा तक्रारींकडे पाहण्याची सरकारला गरजच उरली नाही. पण साक्षीदार पुढे का आले नाहीत? गोखले परतण्याच्या सुमारास, जुलैच्या अखेरीस, नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली विनाचौकशी अटकेत टाकण्यात आले होते. अशा शहरात आपल्या घरातील स्त्रीची विटंबना कोर्टात सांगायला कोण उभा राहणार? सरकारने आधी तोंडे बंद केली आणि मग कोणी बोलत नाही, हाच पुरावा मानला.

त्याआधीच २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली होती. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड काही दिवसांनी मेला. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा 'केसरी'चा प्रसिद्ध अग्रलेख ६ जुलैचा, म्हणजे खुनानंतरच्या दडपशाहीवरचा आहे. २७ जुलैला टिळकांना अटक झाली. मात्र आरोप ठेवला गेला तो १५ जूनच्या अंकातील शिवाजी-उत्सवाच्या मजकुराबद्दल. प्लेगच्या बंदोबस्तावरची टीका खोटी आहे असे न्यायालयात सिद्ध करण्याचा प्रयत्न सरकारने केला नाही. तसा प्रयत्न झाला असता तर साक्षीदार तपासावे लागले असते, झडत्यांची कागदपत्रे पुढे आणावी लागली असती. नऊ पंचांपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी पंचांनी निर्दोष म्हटले, आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी पंचांना सांगितला. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा ठरला. १८९८ मध्ये राजद्रोहाचे कलम दुरुस्त करून अधिक व्यापक करण्यात आले.

एवढे करून प्लेग आटोक्यात आला काय? मुळीच नाही. मार्च १८९८ मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात विणकरांच्या वस्तीतून एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल उसळली आणि गोळीबार झाला. तेव्हा कोठे सक्ती सैल करण्याकडे सरकार वळले. जातीजमातींची स्वतःची रुग्णालये, शोधपथकांत स्थानिक स्वयंसेवक, नातेवाइकांना भेटीची मुभा, या गोष्टी हळूहळू मान्य झाल्या. पुण्यात स्वयंसेवकांच्या कामाला जुंपून घेतलेल्यांत माफीनामा देऊन आलेले गोखले होते. १८९७ मध्ये जे मागितल्याबद्दल वृत्तपत्रांवर डोळे वटारले गेले, तेच दोन वर्षांत बहुतांशी सरकारी धोरण झाले. मधल्या काळात गेलेल्यांची मोजदाद वेगळी. १९२१ पर्यंत हिंदुस्थानात प्लेगने सुमारे एक कोटी माणसे नेली.

लसीचा इतिहासही हेच सांगतो. वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरुण आगाखानांनी त्यांना काम करायला जागा दिली आणि आपल्या अनुयायांदेखत लस टोचून घेतली. शंभर पत्रके वाटून जे झाले नसते ते एका दंडाने केले. पण ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी लस घेतलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. सर्व १९ जणांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. ती उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही माहिती चौकशीत आलेली होती. तरी ठपका प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर ठेवला गेला. चौकशीची कागदपत्रे वर्षानुवर्षे लोकांसमोर आली नाहीत. ती आल्यावर रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मधून आवाज उठविला तेव्हा हाफकिन निर्दोष ठरले. त्या पाच वर्षांत 'सुईने माणसे मरतात' एवढेच वाक्य गावोगाव फिरत राहिले. एका बाटलीत, एका चिमट्यामुळे दोष शिरला, हे खरे वाक्य त्याच आठवड्यात सांगता आले असते.

१८९७ चा तो कायदा १९४७ नंतर रद्द झाला नाही. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा महाराष्ट्र सरकारने नियम केले ते त्याच कायद्याखाली. रोगाविषयी कोणतीही माहिती खातरजमा न करता आणि आरोग्य अधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून प्रसृत करू नये, असे एक कलम त्यात होते. चार तासांच्या अवधीने देश बंद झाला, लाखो मजूर पायी घराकडे निघाले. टाळेबंदी तीन महिन्यांहून अधिक चालेल या खोट्या बातमीने हे स्थलांतर घडले, असे केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले. ३१ मार्चला न्यायालयाने चर्चेवर बंदी घातली नाही, पण अधिकृत माहितीचा आधार घेऊन तीच प्रसिद्ध करा असे माध्यमांना बजावले आणि सरकारला रोजचे निवेदन काढण्यास सांगितले. मजुराकडे पैसे नव्हते, शिधा नव्हता, भाडे द्यायचे होते, हे कारण त्या निवेदनात बसणारे नव्हते.

१४ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदी वाढली त्या दिवशी वांद्रे स्थानकाबाहेर हजारो परप्रांतीय मजूर जमले. गाड्या सुटणार अशी वदंता होती. लाठीमार झाला. रेल्वेगाड्यांसंबंधीची बातमी दिल्याबद्दल एका मराठी वाहिनीच्या वार्ताहराला अटक झाली. बातमी किती काळजीपूर्वक दिली गेली, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. गोखल्यांच्या प्रकरणाने तो विचारायला शिकविले आहे. परंतु त्या मजुरांना, त्यांच्या भाषेत, त्यांच्या वस्तीत, गाडी कधी मिळेल आणि तोवर खायचे काय हे सरकारतर्फे कोणी सांगितले होते, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. त्याच आठवड्यात, १८ एप्रिलला, महाराष्ट्रात घरोघर वर्तमानपत्रे टाकण्यास मनाई करणारा आदेश निघाला. टीका झाल्यावर तो बराचसा मागे घ्यावा लागला.

त्या वर्षी १८९७ च्या कायद्यात दुरुस्तीही झाली. आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांना सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली. डॉक्टर, परिचारिका, आशा सेविका यांना मार खावा लागत होता आणि या संरक्षणाची गरज होतीच. ऑर्थर रोडच्या रुग्णालयावर दगड पडले त्याला तेव्हा १२४ वर्षे होत आली होती. ते दगड का पडले याचा विचार करून साथीच्या काळात लोकांना वेळेवर आणि खरी माहिती देण्याचे, त्यांच्या तक्रारी ऐकून घेण्याचे कर्तव्य सरकारवर टाकणारे कलम मात्र त्या दुरुस्तीतही आलेले नाही.